बेस गिटारचा अॅम्प्लिफायर निवडताना
सभागृहात, लॉनवरच्या कार्यक्रमात आणि रेकॉर्डिंगसाठी बेस गिटारला किती वॅटचा अॅम्प्लिफायर घ्यावा, असे आपण विचारले आहे. आपण वॅटपासून सुरुवात केली आहे, पण त्याआधी आपला बेस श्रोत्यांपर्यंत कोण पोहोचवणार हे ठरवावे. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात बेस सहसा सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेतूनच ऐकवला जातो; तेथे अॅम्प्लिफायरने केवळ आपल्याला आणि ड्रमवादकाला नीट ऐकवायचे असते आणि त्याला बारा इंची स्पीकरचा १०० ते २०० वॅटचा कॉम्बो (एकाच पेटीत अॅम्प्लिफायर आणि स्पीकर) पुरतो. लॉनवरच्या कार्यक्रमात मात्र ध्वनिव्यवस्थेत फक्त गायकाचा माइक घेतला असेल, तर सगळा भार अॅम्प्लिफायरवर येतो आणि तेथे ३०० वॅटच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. वॅट दुप्पट केल्याने जेमतेम ३ डेसिबल वाढतात, म्हणून जास्तीचा पैसा चांगल्या कॅबिनेटवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीवर, घालावा. चार तारी बेसची जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते आणि इतका खालचा स्वर लहान स्पीकरमधून भरीव निघत नाही.

८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडल्यास त्यांचा एकत्रित विद्युत भार ४ ओहम होतो, तेव्हा हेडला (स्पीकर नसलेल्या सुट्या अॅम्प्लिफायरला) तो चालतो का, हे मागील बाजूस वाचून घ्यावे.

रेकॉर्डिंगसाठी वेगळा अॅम्प्लिफायर घेण्याचे कारण नाही. अॅम्प्लिफायरला एक्सएलआर डीआय आउट (माइकच्या केबलने सिग्नल थेट बाहेर देणारी जोडणी) असले की तो सिग्नल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे संगणकाला आवाज पुरवणाऱ्या उपकरणात, घेता येतो. त्यावर प्री आणि पोस्ट ईक्यूचे (टोन बदलण्याआधीचा की नंतरचा सिग्नल द्यायचा, हे निवडण्याचे) बटण असावे; ते प्रीवर ठेवले म्हणजे मंचावर टोन बदलला तरी ध्वनिमुद्रणाचा सिग्नल बदलत नाही. दुकानात ऐकताना स्वतःचाच बेस न्यावा.