शुक्रवारची चिठ्ठी

प्रश्न : बाई, नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सरकारी प्राथमिक शाळेत मी दुसरी-तिसरीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून १७ मुलं. आम्ही पाऊस मोजतो, बिया रुजवतो, खोट्या नोटा करून बाजार मांडतो. पण यातलं काहीच पालकांपर्यंत पोचत नाही. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर मी रोज वीस-पंचवीस फोटो टाकते. चारजण अंगठा दाखवतात, बाकी शांत. सभेला आले की मात्र विचारतात, "टीचर, वही अशी कोरी का?" गेल्या आठवड्यात मुलांना शेतात भाताची लावणी बघायला नेलं, तर दोन आया चिखलाच्या कपड्यांवरून भांडायला आल्या. एक आई तिचा मुलगा फोटोत नाही म्हणून रुसली आहे. तीन घरं कन्नड बोलणारी आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही. मी आणखी काय करू?
– एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. वयाने तू माझ्या धाकट्या लेकीएवढी असशील, म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

आधी चिखलाच्या कपड्यांविषयी. १९९४ चा आषाढ. डिचोली तालुक्यातल्या एका गावात मी तिसरीचा वर्ग घेऊन शेतात गेले. तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, कसा काढतात, मुठी कशा बांधतात हे मुलांनी पाहिलं आणि मग प्रत्येकाने दोन-दोन रोपं लावली. परत येताना मुलं गाणी म्हणत होती, मी अगदी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आई शाळेच्या पायरीवर उभी. "टीचर, भुरग्यांक शिकूंक धाडटात, चिखलांत लोळूंक न्हय." मी तिला अनुभवातून शिकण्याचं महत्त्व सांगायला लागले. तिने काही न बोलता पिशवीतून गणवेश काढून माझ्या हातात दिला. तो ओला होता आणि त्याला धुराचा वास येत होता. घरात तेवढा एकच गणवेश. रात्री धुऊन चुलीवर वाळत घातला तरी सुकला नाही, म्हणून मुलीला घरी ठेवलं होतं. ती बाई स्वतः लोकांच्या शेतात लावणीला जाणारी, तिला लावणीचं महत्त्व मी काय सांगणार! "उद्या जुने कपडे घालून पाठवा" एवढा निरोप मी आदल्या दिवशी दिला असता, तर त्या पोरीची शाळा बुडली नसती.

त्याच आठवड्यापासून मी शुक्रवारची चिठ्ठी सुरू केली आणि निवृत्त होईपर्यंत चालवली. तेव्हा कार्बन पेपर घालून लिहायचे. चौथी प्रत इतकी फिकी यायची की ती मलाच वाचता येत नसे, म्हणून दोनदा लिहायचे. अर्ध्या पानाच्या वर कधी गेले नाही. या आठवड्यात काय केलं, ते एक-दोन ओळीत. पुढच्या आठवड्यात काय करणार आणि घरून काय लागेल, तेही तसंच. लागेल ते घरात किंवा परसात मिळणारंच असावं, दुकानात जावं लागेल असं नको. शुक्रवार अशासाठी की शनिवार-रविवार हाताशी असतो.

पण पहिलं वर्षभर त्या चिठ्ठ्यांचाही तुझ्या फोटोंसारखाच प्रकार झाला. कुणी वाचून घडी घालून ठेवायचं, कुणी त्यात चणे बांधून पाठवायचं. मग मी शेवटी एक ओळ वाढवली : "आज जेवताना मुलाला हे विचारा." खाली एकच प्रश्न.

मुलाला घरी विचारलं, "आज शाळेत काय केलं?" तर ते काय सांगतं? "काही नाही." सगळ्याच घरांत हेच. मूल खोटं बोलत नसतं. पाच तासांतलं नेमकं काय सांगायचं हे त्याला कळत नाही. तेच आईने विचारलं, "बाटलीत काल किती मिलिमीटर पाऊस साठला?" की पोर जेवण थांबवून बोलत सुटतं. बाटली कशी कापली, बुडाशी खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी का भरलं, सकाळी मोजायची पाळी कुणाची होती, सगळं. तुझ्या वर्गातली बातमी तुझ्यापेक्षा ते मूलच चांगली देईल. पालकांच्या हाती फक्त प्रश्न द्यायचा.

तुझ्या कन्नड घरांसाठीही हाच उपाय आहे. माझ्या वर्गात एका गवंड्याची मुलगी होती. घर मूळचं हावेरीकडचं. बापाला मराठी अक्षर येत नव्हतं. चिठ्ठी मुलगीच वाचायची आणि कन्नडात सांगायची, म्हणजे तिचं वाचन व्हायचं ते वेगळंच. एका शुक्रवारी मी लिहिलं होतं : एक मिलिमीटर पाऊस पडला की एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडतं. मग तुमच्या छपरावर काल किती पडलं? सोमवारी तो माणूस कामावर जाण्याआधी शाळेच्या फाटकाशी आला. टेप लावून छप्पर मोजलं होतं, सहा मीटर बाय आठ मीटर. गुरुवारचा आमचा पाऊस ५२ मिलिमीटर. त्याचा हिशेब २,४९६ लिटरचा. "पाचशे लिटरच्या पाच टाक्या, टीचर," तो मोडक्या कोकणीत म्हणाला, "आणि उन्हाळ्यात आम्ही कळशी घेऊन रांगेत." आमच्या गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते गणित मग आम्ही त्याच्या छपरावर मांडलं आणि उत्तर १,४४,००० लिटर आल्यावर वर्गात एकदम शांतता पसरली. त्याला मी आत बोलावलं, मुलांसमोर टेप कशी धरायची ते दाखवायला सांगितलं. त्या वर्षी तो एकाही पालकसभेला चुकला नाही.

कोऱ्या वहीचा प्रश्न विचारणाऱ्यांवर चिडू नकोस. वही सोडून त्यांच्या हाती शाळेचा दुसरा पुरावा नसतो. चिठ्ठी त्याच वहीच्या मागच्या पानांवर चिकटव आणि त्यात साध्या शब्दांत लिही : "बाजारात सुटे परत देताना हातच्याची वजाबाकी झाली." मग बाजार हा खेळ वाटत नाही. आणि ज्या मुलाला ती वजाबाकी अजून जमत नाही, त्याच्या पालकांना ते समोर बसवून सांग, गटावर नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाच्या कर्तव्यांमध्ये हेच आहे : पालकांना नियमित भेटायचं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगायची. जिल्हा आणि राज्य बदललेल्या घरांना तर अशी भेट फार लागते. ती माणसं आपण होऊन शाळेत यायला बुजतात.

फोटो बंद करू नकोस, पण कमी कर. आठवड्याला दोन-तीन पुरेत. कपाटाच्या दाराला आतून १७ नावांची यादी लाव, ज्याचा फोटो गेला त्याच्या नावापुढे खूण. रुसलेल्या आईला ती यादी दाखव आणि मुलाची पाळी कधी ते सांग. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घराची लेखी परवानगी घे. कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नकोस.

चतुर्थीच्या आधीची माझी एक चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, ती तशीच देते (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती पानाफळांची चौकट, कुळागर म्हणजे माड-पोफळींची बाग) :

"पालकांना नमस्कार. या आठवड्यात आम्ही पानांच्या कडा आणि शिरा पाहिल्या. पुढच्या आठवड्यात माटोळीचा तक्ता करणार आहोत : रानातलं काय, कुळागरातलं काय, बाजारातून आणलेलं काय. घरून काही आणू नये, फक्त नावं विचारून यावीत. ज्यांच्या घरी गणपती नसतो त्यांनी आपल्या सणाला घरात कोणती पानं, फुलं, फळं लागतात ती विचारावीत. आज जेवताना विचारा : झाडावरून न तोडता पान कसं ओळखशील?"

त्या तक्त्यात कवंडळ, कांगणी, घागऱ्या, तोरंजन, आंबाडे तर आलेच, पण एका आज्याने २३ रानवस्तूंची नावं सांगून पाठवली होती. त्यातली सहा मला माहीत नव्हती. मी त्यांना निरोप धाडला, ते काठी टेकत आले आणि अर्धा दिवस आमच्या वर्गात बसले. ख्रिस्ती घरातल्या एका मुलाने सां जुआंवच्या सणातल्या कोपेलात, म्हणजे डोक्यावरच्या पानाफुलांच्या मुकुटात, काय काय गुंफतात ते लिहून आणलं. दोन्ही तक्ते एकाच भिंतीवर लागले.

चिठ्ठी लिहायला तुला वीस मिनिटं लागतील. रोजचे पंचवीस फोटो निवडायला आणि चढवायला त्याहून जास्त जात असणार.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, मी हॉटेलात, पाळीचं काम. मुलगा अनुदानित शाळेत चौथीत आहे. रात्री नऊ वाजता गटावर निरोप येतो, "उद्या थर्माकोलचं घर आणावे." म्हापशात तेव्हा दुकानं मिटलेली असतात. शेवटी मीच जागून घर बनवतो. तक्रार केली तर मुलावर राग निघेल का?
– एक पालक, बार्देश

उत्तर : राग निघेल या भीतीने गप्प राहू नका. गटावर लिहू नका, बाईंना भेटीची वेळ मागून जा आणि आपल्या पाळीच्या वेळा सांगा. बहुतेक शिक्षकांना त्या ठाऊकच नसतात. आठवडाभर आधी निरोप मिळावा आणि वस्तू घरातल्याच असाव्यात, एवढंच मागा. नाही जमलं तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. कायद्याने तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे तिथे तुमचं ऐकणारी माणसं तुमच्यासारखीच असतील.

आणि घर तुम्ही बनवू नका. बुटांच्या खोक्याचं, वाकडं, मुलाने केलेलं घर पाठवा. सोबत दोन ओळी लिहा : "हे त्याने एकट्याने केले. खिडकी उघडते, ती कशी उघडते ते त्याला विचारावे."