इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकातलं लाकडी सांगाड्याचं फार्महाऊस घेतोय. तुळया वाकल्यात, चिरा आहेत. बाहेरून सिमेंट प्लास्टर करून घेऊ का?

सिमेंट अजिबात नको. तुळयांचं नंतर बघू.

ही घरं ओल्या ओकची. वाळलेला ओक छिन्नीला दाद देत नाही, म्हणून लाकूड हिरवं असतानाच घडवत. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कुसू, म्हणजे जिभेसारखं कोरलेलं टोक, बसवून ओकचीच खुंटी ठोकत; कुसवातलं भोक मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर सांध्याकडे सरकवलेलं, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आवळला जातो. मग सांगाडा उभ्या उभ्या वाळला. ओक रुंदीत आकसतो, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून लांबीने गेलेल्या चिरा आणि बाक. त्या बहुधा घराइतक्याच जुन्या. केंटमधलं ‘बेलीफ’ (Bayleaf) नावाचं असंच फार्महाऊस पंधराव्या शतकातलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते जलाशयासाठी सुटं केलं आणि पुढे वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनला पुन्हा उभारलं. सुटं करून जोडता येतील असे हे सांधे आहेत.

भार सगळा सांगाड्यावर. मधला भाग म्हणजे कूड: ओकचे उभे दांडे, हेझलच्या काटक्यांचं विणकाम, त्यावर माती, पेंढा, शेण आणि चुना. कोकणातल्यांना हे सांगायला नको. अशी भिंत ओल शोषते आणि वाऱ्यावर सोडून देते. सिमेंट ताठ, सांगाडा मात्र ऋतूप्रमाणे हलतो. लाकडालगत केसाएवढी फट पडते, पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. ते जोत्यावरच्या आडव्या तुळईत आणि खांबांच्या पायांत उतरतं. ओक कुजतो, मऊ झालेल्या लाकडात डेथवॉच नावाचे लाकूड पोखरणारे भुंगेरे घर करतात, आणि बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. ‘सिमेंट टिकाऊ’ म्हणणाऱ्या कंत्राटदारांशी माझा जुना वाद आहे. त्यांनी एकदा प्लास्टर उतरवून खांबाच्या पायात टोच्या घालून पाहावा.

तुम्हीही घेण्याआधी तेच करा. बाहेरची जमीन जोत्याच्या वर चढली असेल तर आधी ती उतरवा. कुजलेला पाय तेवढाच कापून नवा ओक तिरक्या सांध्याने जोडा. प्लास्टरला एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग भरड वाळू. पाच अंशांखाली काम नाही, आणि ओल्या गोणपाटाने झाकून सावकाश वाळू द्या. लाकडाला चकचकीत काळा रंग लावू नका, त्यानेही ओल कोंडते.

मात्र चिरेच्या कडा ताज्या, फिकट असतील किंवा कुसू खाचेतून सरकलं असेल, तर जुन्या लाकडाची जाण असलेला इंजिनिअर आणा. आणि घर संरक्षित यादीत असेल, बहुधा असेलच, तर असले बदल विनापरवानगी करणं तिथे फौजदारी गुन्हा आहे.