फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचेत? आधी केबल तपासा

पहिल्यांदाच करताय, तर वायफायवरची ॲप सध्या बाजूला ठेवा. अँड्रॉइड फोन आणि विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर साधी यूएसबी केबल पुरते. इंटरनेट लागतच नाही.

बहुतेक जण अडकतात ते केबलपाशीच. काही स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही आणि माणूस तासभर ड्रायव्हर (कॉम्प्युटरला फोन ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) शोधत बसतो. आधी दुसरी केबल लावून बघा.

मग एवढंच करा:

- फोन अनलॉक करा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि यूएसबीच्या पर्यायांत 'फाइल ट्रान्सफर' निवडा. बहुतेक फोन आपणहून फक्त चार्जिंगवरच राहतात.
- कॉम्प्युटरवर फोन उघडा, कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' (DCIM) फोल्डरमध्ये सापडतील.
- कॉपी करा, कट नको! कट करताना केबल निसटली आणि माझ्या पुतणीच्या बारशाचे काही फोटो गेले ते गेलेच.

हजारो फोटो एका दमात ओढू नका, थोडे थोडे घ्या. कॉम्प्युटरवर दोन-चार फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ उघडून बघितल्याशिवाय फोनमधून काहीही काढू नका.

लोकलसेंड वगैरे वायफायवरची ॲप पुढच्या वेळी. कुठे अडलात तर फोनचं मॉडेल सांगा, बघू.