राऊटरचे लॉग : आधी घड्याळ लावा, मग बाकीचं

पाऊस सुरू झाला, लाईट जायला लागली की मला हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहितो. लॉग म्हणजे राऊटर-स्विचमध्ये काय घडलं त्याची वेळेसकट नोंद.

लाईट जाऊन आली की राऊटरमधले जुने लॉग गायब. राऊटर बिघडला का? (म्हापसा)
नाही. ते रॅममध्ये असतात, पॉवर गेली की पुसले जातात. वेगळा सिसलॉग सर्व्हर (सगळ्या डब्यांचे लॉग जमा करणारा पीसी) लावा, यूपीएसवर.

लेव्हल ७ ठेवली की सगळं मिळतं म्हणतात, ठेवू? (फोंडा)
नको. लेव्हल म्हणजे नोंद किती गंभीर ते : ० सगळ्यात गंभीर, ७ म्हणजे डिबग, दोष शोधण्यासाठीचा बारीकसारीक तपशील. ते कन्सोलवर (राऊटरला थेट जोडलेल्या स्क्रीनवर) चालू राहिलं तर गर्दीच्या वेळी राऊटर अडकतो. सर्व्हरला ० ते ६ पाठवा, पुरे.

लॉग येतात पण तारीख १ मार्च दाखवते. चालेल? (वेर्णा)
अजिबात नाही! सिस्कोच्या जुन्या डब्यांवर तारखेच्या आधी चांदणी (*) आणि १ मार्च दिसलं की घड्याळ लागलेलंच नाही समजा. एका हॉटेलात चवथीच्या सुट्टीत फायरवॉलचा (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी डबा) नियम कोणीतरी बदलला, स्विच आयएसटीवर (भारतीय वेळ) आणि फायरवॉल यूटीसीवर (जागतिक वेळ, साडेपाच तास मागे), म्हणजे रात्री ८ ची गोष्ट तिथे दुपारी २:३० ची, आम्ही अख्खा दिवस नुसत्या वेळा जुळवत बसलो आणि तोवर मालक भलत्याच माणसावर संशय घेऊन मोकळा. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) लावा, सगळ्या डब्यांवर एकच टाइमझोन ठेवा, लॉगमध्ये झोन छापून येऊ दे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशातही हेच आहे, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायचं, लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि सायबर हल्ल्यासारखी घटना कळली की ६ तासांत सर्ट-इनला कळवायची. तुमच्या कंपनीला यातलं नेमकं काय लागू आहे ते सल्लागाराकडून एकदा लेखी घ्या.

विक्रेता म्हणतो वर्षाचं क्लाउड लायसन्स घेतल्याशिवाय लॉग बाहेर जातच नाहीत. (मडगाव)
पैसे देण्याआधी मॉडेल नंबर घेऊन मॅन्युअल बघा. बहुतेक मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचमध्ये सिसलॉग आधीपासून असतो, आणि जुन्या पीसीवर लिनक्स टाकून आरसिसलॉग हा लॉग जमा करणारा प्रोग्राम फुकट चालतो. फक्त साधा सिसलॉग यूडीपी ५१४ या पोर्टवर उघडाच (वाटेत कोणालाही वाचता येईल असा) जातो, वाटेत पॅकेट पडलं तर परत येत नाही, म्हणून दुसऱ्या शाखेतून आणायचा तर व्हीपीएन किंवा टीएलएस (दोन्ही माहिती कुलूपबंद करून पाठवतात), आणि ते जाणकाराकडून लावून घ्या.

चार दिवस रात्री लॉगिन फेल्डच्या शेकडो ओळी येतात. सोमवारी रीबूट करून बघू? (पेडणे)
चार दिवस का थांबलात? रीबूट करू नका, रॅममधला पुरावा जाईल. आत्ता लॉगची कॉपी काढा, बाहेरून लॉगिन बंद करा आणि आजच सिक्युरिटीवाल्याला बोलवा.