आधी तिच्या राहण्याचं बघा, मग शाखा

नमस्कार भाऊ,

पत्र लेकीच्या अक्षरात आहे, सही तुमची. वडिलांनी शाळा पाहिली नाही, तुमची चौथीत सुटली, मंडळींची सातवीत. आणि मुलगी 78 टक्क्यांनी दहावी झाली. ती सायन्स म्हणते, सर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा म्हणतात, भावकी लग्न उरका म्हणते. "आमच्या घराण्यात शिक्षणच नाही, आम्हाला काय कळणार?" हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य नाही.

तुमची चौथी का सुटली, ते तुम्हीच लिहिलंय. दिवाळीनंतर आई-वडील उसतोडीला साखर कारखान्यावर, तुम्ही धाकट्याला सांभाळायला तिथल्या कोपीवर, म्हणजे झोपडीत. हंगाम संपून परत येईपर्यंत वर्ग पुढं गेलेला. सहा महिने उसाच्या फडात गेले तर कितीही हुशार पोर मागंच पडणार. मग लवकर लग्न, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, ती फिटेपर्यंत पुढचा हंगाम. यात डोक्याची कमतरता कुठं आहे? मुलगी टिकली कारण आजी गावात राहिली. आता आजी थकली, म्हणून सायन्स की डिप्लोमा याच्याही आधी वसतिगृह बघा. उसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तालुक्यातल्या वसतिगृहात जागेची चौकशी करा आणि ग्रामसेवकाकडून तुमचं उसतोड कामगार ओळखपत्र घ्या.

माझा कल डिप्लोमाकडे आहे, तोही वसतिगृह असलेल्या शासकीय तंत्रनिकेतनात. तीन वर्षांत हाताला काम मिळू शकतं, आणि पुढं शिकायचं ठरलं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अकरावी-बारावी आणि वर प्रवेश परीक्षेची शिकवणी, हा खर्च तुम्हाला पुन्हा उचल घ्यायला लावेल, ही मला खरी भीती वाटते. तिला बी.एस्सी. नर्सिंगसारखं काही करायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग जीवशास्त्र घेऊन सायन्सच.

फीचं दडपण घेऊ नका. तुम्ही ओबीसी आहात. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून राज्य सरकार भरतं. प्रवेश फक्त सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवास, हे दाखले तोडीला निघण्याआधीच काढा. तुम्ही फडात असताना एका कागदासाठी अर्ज अडला, तर ती एकटी कुठं धावणार?

लग्नाचं विचाराल तर ती सोळा वर्षांची आहे. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे भावकीला स्पष्ट सांगा. मंडळींना विचारा, सातवीनंतर त्यांना काय व्हायचं होतं. त्यांचं उत्तर लेकीच्या समोर ऐका.

पत्रात सरांचं मत आहे, भावकीचं आहे, तुमचं आहे. सायन्स का हवं, हे लेकीनं कुठंच लिहिलेलं नाही. पुढचं पत्र तिला स्वतःच्या मनानं लिहू द्या.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक