जागतिक पर्यावरण राजकारण: वर्गात सुरुवात कुठून करावी?

मॅडम, करारांची यादी फळ्यावर लिहिली की पोरं पेंगतात, असं तुम्ही म्हणता. मीही पहिली दोन वर्षं स्टॉकहोम १९७२, रिओ १९९२, क्योटो १९९७ अशी परिषदा-करारांची जपमाळच ओढली. पेपरात उतरायची, डोक्यात नाही.

मग मी बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी गावापासून सुरुवात करू लागलो. मलप्रभा तिथं उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र गोव्यात उतरते. चोर्ल्याच्या वाटेनं निम्मा वर्ग गोव्याला जाऊन आलेला असतो, त्यामुळे नकाशासुद्धा लागत नाही. म्हादईच्या पाण्याच्या वाटणीसाठी २०१० ला लवाद नेमला, २०१८ ला निवाडा आला: गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. गट पाडा आणि भांडू द्या. फक्त ज्याला जी बाजू मनापासून पटते ती त्याला देऊ नका. पहिल्या खेपेला मी हे विसरलो. पाण्यावरून सुरू झालेला तास सीमाप्रश्नावर संपला, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

दुसऱ्या दिवशी विचारा, निवाडा पटला नाही तर राज्य कुठं जातं? "सुप्रीम कोर्टात!" मग समुद्र वर चढतोय म्हणून वानुआतूनं, प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशानं, कुठं जायचं? वर्ग गप्प होतो. वानुआतूच्या पुढाकारानं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून २०२५ मध्ये हवामानबदलावर मत मिळालं, पण ते सल्ल्यापुरतं. राज्यांच्या वर दिल्ली आहे, देशांच्या वर कोणी नाही. तुमचा विषय खरा इथं सुरू होतो.

यानंतर माँट्रियल (ओझोन) आणि क्योटो (हवामानबदल) हे दोन करार शेजारी ठेवा. ओझोनचा १९८७ चा करार सगळ्या देशांनी मानला, कारण ओझोनचा थर विरळ करणारे वायू बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, पर्याय हाताशी आणि गरीब देशांसाठी १९९० पासून निधी. क्योटोवर अमेरिकेनं सही केली, मंजुरी दिलीच नाही. कोळसा-तेल सोडणं म्हणजे अख्खं अर्थकारण हलवणं. एवढ्या तुलनेवर दोन तास सहज जातात, जाऊ द्या.

'सामायिक पण भिन्न जबाबदारी', म्हणजे जबाबदारी सगळ्या देशांची पण सारखी नाही, हे तत्त्व समजवायला मी जत्रेची वर्गणी काढतो. देतात सगळे, पण गुऱ्हाळवाला आणि शेतमजूर सारखी देत नाहीत. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, गेली दीडशे वर्षं जेवून गेलेल्यांची वर्गणी कोण भरणार?" तोच प्रश्न मी इंटर्नलला घातला.