सुईऐवजी इन्शुलिनची गोळी?

प्रश्न : माझी आई 66 वर्षांची. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचून घेते. पोटावर गाठी झाल्यात. मी यंत्रमागावर कामाला. माझी कामाची पाळी असली की शेजारची मुलगी येऊन टोचते. भाच्यानं मोबाईलवर दाखवलं, पॉलिमरच्या नॅनोकणांत भरून इन्शुलिन तोंडावाटे देता येतं म्हणे. तेव्हापासून आईचं एकच, 'गोळी येईस्तोवर सुई बंद.' गुरुवारी तिनं खरंच टोचून घेतलं नाही. ही गोळी मिळते का?
— एक वाचक, सत्तर फूट रोड, सोलापूर

उत्तर : नाही मिळत. आणि सुई बंद करायची नाही, हे आधी आईंना सांगून या. पुढचं मग वाचा.

इन्शुलिन म्हणजे दोन साखळ्यांत गुंफलेली 51 अमिनो आम्लं. प्रथिनच ते. शेंगाचटणीतल्या प्रथिनाचं पोटात जे होतं, तेच त्याचं होतं : पचून जातं. त्यातूनही वाचलं तर पुढं आतड्याचं अस्तर. तुम्ही मागावरचे म्हणून सांगतो, त्या पेशींची वीण तुमच्या चादरीपेक्षा घट्ट. इन्शुलिनएवढा मोठा रेणू त्यातून सहजी जात नाही.

नॅनोकण म्हणजे इन्शुलिनला घातलेलं कवच. 200 नॅनोमीटरचे चारशेक कण ओळीनं मांडावेत, तेव्हा केसाची जाडी भरते. कवच कशाचं? पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचं : जखम शिवायच्या विरघळणाऱ्या टाक्यांत असतं ते पीएलजीए, समुद्रशेवाळातलं अल्जिनेट, नाहीतर कोळंबीच्या टरफलापासून केलेलं कायटोसान. (शाकाहारी वाचकांची पत्रं येणार, ठाऊक आहे.) मला यातलं कायटोसान आवडतं. त्याच्यावर धन भार असतो, म्हणून ते आतड्याच्या चिकट थराला धरून बसतं आणि वीण थोडा वेळ सैल करतं. अल्जिनेटचे मणी आम्ही कॉलेजात करायचो. सिरिंजमधून थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडला की भिजल्या साबुदाण्यासारखा मणी! आम्लात तो आक्रसून राहतो, आतड्यासारख्या द्रावणात फुगतो आणि आतला माल सोडतो.

मग अडलं कुठं? मधुमेही उंदरांची साखर अशा कणांनी उतरल्याचं 1988 सालीच छापून आलंय. माणसात मात्र गिळलेल्यातलं फार थोडं रक्तात पोचतं आणि तेही रोज सारखं नाही. भाकरी खाऊन घेतलं तर एक, उपाशीपोटी दुसरं. आज कमी पोचलं तर साखर चढणार, उद्या जास्त पोचलं तर घाम फुटून माणूस आडवा. जानेवारी 2023 मध्ये एका इस्रायली कंपनीची इन्शुलिन कॅप्सूल तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत नापास झाली. ती नॅनोकणांची नव्हती, पण अडचणी त्याच. दुकानात सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या दुसऱ्या औषधाची गोळी मिळते, ती इन्शुलिन नव्हे. भाच्याला हेही सांगा.

आता गाठींचं. एकाच जागी टोचत राहिलं की त्या होतात, आणि गाठीत टोचलेलं औषध धड शोषलं जात नाही. डॉक्टरांना दाखवा. गाठ सोडून टोचायला लागलात की साखर एकदम उतरू शकते, म्हणून डोस त्यांना विचारूनच. मांड्याही वापरा, दर वेळी बोटभर अंतर सोडा, सुई नवी घ्या. फ्रिजमधलं गार औषध झोंबतं. चालू असलेली बाटली घरात ठेवता येते, पण आपल्या एप्रिलच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली नको. ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं बरं. शेजारच्या मुलीलाही हे सगळं दाखवून ठेवा.